आधी काटा, मग ओव्हन

घरी केक करायला शिकणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो खरेदीचा, आणि त्याचे उत्तर त्याला बहुधा चुकीचे मिळते. एक पक्ष सांगतो, मोठा ओव्हन, स्टँड मिक्सर, नोझलचा संच आणि फिरते टेबल घेतल्याखेरीज केकच्या वाटेला जाऊ नये. दुसरा म्हणतो, एवढा खटाटोप कशाला? घरचा कुकर, वाटी आणि हाताचा अंदाज पुरे. पहिला पक्ष नवशिक्याला नसत्या खर्चात पाडतो, दुसरा त्याच्या मैद्या-लोण्याची नासाडी करतो. ग्रॅममध्ये वजन दाखवणारा साधा डिजिटल काटा दोघांच्याही यादीत नसतो. वास्तविक सुरुवातीची सर्वांत गरजेची वस्तू तीच.

पहिल्या पक्षाचा मुख्य आधार ओव्हन. केकला १६० ते १८० अंश सेल्सिअसची, चारी बाजूंनी लागणारी स्थिर आच हवी असते, हे खरेच आहे. पण ती मिळवण्याचे मार्ग अनेक आहेत. गोव्यात बेबिंका पिढ्यान्‌पिढ्या वरून निखाऱ्यांची आच देऊन, थरावर थर भाजून केली गेली. मराठी घरांत काचेच्या झाकणाचा गोल ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन कितीतरी वर्षे वापरात होता. शिटी आणि रिंग काढून, तळाशी मीठ पसरून कुकरमध्येही केक होतो. त्यात वरून आच मिळत नाही, म्हणून माथा पांढुरका राहतो, आणि आत नेमके तापमान किती हे कळत नाही. शिवाय पाण्याविना तापवणे प्रेशर कुकरला मानवत नाही. त्यापेक्षा घट्ट झाकणाचे जाड बुडाचे पातेले बरे. नुसत्या मायक्रोवेव्हवर मात्र भिस्त ठेवू नये. त्यात केक शिजतो, पण त्याला रंग चढत नाही आणि गार झाल्यावर तो चिवट होतो. कन्व्हेक्शनची सोय असेल तर प्रश्न मिटतो. ओटीजी, म्हणजे टेबलावर ठेवायचा विजेचा ओव्हन, घ्यायचाच असेल तर सात इंची टिनाभोवती हवा खेळेल एवढा छोटाही चालतो.

मिक्सरचा आग्रह तर त्याहून लंगडा आहे. तेल आणि दही घालून केलेल्या केकला फेटणे जवळजवळ लागतच नाही. मैदा पडल्यावर जास्त घोटले तर त्यातले ग्लुटेन ताणले जाते आणि केक दडस होतो. तिथे तारेचा फेटणा आणि एक लवचीक उलथणे एवढ्यावर भागते. अंड्यांच्या फेसावर फुगणारा स्पंज करायचा असेल तेव्हा हातात धरायचा विजेचा बीटर जरूर घ्यावा. कोणता केक करायचा हे ठरण्याआधी बीटर निवडण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे वरवर अधिक पटणारे आहे, म्हणून त्याची तपासणी जरा बारकाईने व्हायला हवी. आमटीत मीठ कमी पडले तर वरून घालता येते, रस्सा दाट झाला तर पाणी ओतता येते. टिनात ओतलेल्या मिश्रणाला ही मुभा नाही. दुरुस्ती करायची ती भट्टीत जाण्याआधी, म्हणजेच मोजताना. आणि कप-वाटी नेमकी तिथेच दगा देते. २४० मिलिलिटरचा कप मैद्याच्या पिशवीत खुपसून भरला तर त्यात १४०-१५० ग्रॅम मैदा बसतो. तोच मैदा चाळून, चमच्याने हलकेच भरून वरून सपाट केला तर १२० ग्रॅमच्या आसपास भरतो. दोन कपांच्या केकमध्ये हा फरक चाळीस ते साठ ग्रॅमांवर जातो, आणि एवढ्या जादा मैद्याने केक कोरडा पडून माथ्यावर तडकतो. साखरेत घोळ आणखी मोठा. कपभर दाणेदार साखर सुमारे २०० ग्रॅम भरते, कपभर पिठीसाखर सुमारे १२०. पाककृतीत नुसते ‘एक कप साखर’ असले तर दळून मोजायची की मोजून दळायची, हे नवशिक्याला कोण सांगणार? काटा असला की प्रश्नच उरत नाही, दळण्याआधी आणि दळल्यानंतर वजन तेवढेच राहते.

आजी अंदाजानेच उत्तम केक करत असे, हा आक्षेप हमखास येतो. तो खोटा नाही, पण त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. तिची वाटी ठरलेली होती, डबा ठरलेला होता, आचही ठरलेली होती. वर्षानुवर्षे तीच वाटी वापरल्याने वाटीच तिचे माप झाली होती. दुसऱ्याच्या घरची कृती वाचून केक करणाऱ्याकडे ती वाटी नसते.

वजनाने काम किती सोपे होते, ते जुन्या पाउंड केकवरून दिसते. त्यात अंडी, लोणी, साखर आणि मैदा समान वजनाने पडतात. चार अंडी वाडग्यात फोडावीत आणि काट्यावर ठेवावीत. १९० ग्रॅम भरली तर बाकी तिन्ही जिन्नस १९०-१९० ग्रॅम घ्यावेत. अंडी लहान निघाली तरी प्रमाण बिघडत नाही.

काट्यालाही मर्यादा आहे. दोन-तीन ग्रॅम सोडा घरगुती काटा नीट दाखवत नाही. त्यासाठी ५ आणि १५ मिलिलिटरच्या मापाच्या चमच्यांचा संच घ्यावा आणि चमचा सुरीने सपाट करावा. चहाचा चमचा इथे चालत नाही, कारण सोडा थोडा जास्त झाला तरी साबणासारखी चव येते. सोडा संपला म्हणून तेवढीच बेकिंग पावडर घालणे हाही गैरसमजच. सोड्याला दही, लिंबू किंवा व्हिनेगर असे काही आंबट लागते, पावडरीत आम्ल आधीच मिसळलेले असते. ताकदीनेही सोडा तिच्या तिप्पट-चौपट असतो.

टिनाच्या आकाराकडे तर बहुतेकांचे लक्षच जात नाही. सहा इंची टिनाचे मिश्रण आठ इंचीत ओतले तर ते पावणेदोन पटींहून अधिक जागेत पसरते. केक फुगला नाही म्हणून दोष सोड्याला दिला जातो, तो असतो टिनाचा. सात इंची, उभ्या कडेचा एक ॲल्युमिनियमचा टिन सुरुवातीला पुरतो. तो अर्ध्याहून थोडा अधिक, फार तर दोन तृतीयांश भरावा.

तयारीला वेळखाऊ मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की सोडा आणि आम्ल एकत्र ओले झाले की वायू लगेच सुटू लागतो. मग टिन शोधत, कागद कापत बसले तर तो वायू वाडग्यातच निघून जातो. म्हणून टिनाला तूप लावून तळाशी बटर पेपरची चकती बसवणे, मैदा आणि सोडा एकत्र चाळणे, ओव्हन किमान दहा-पंधरा मिनिटे तापवणे, हे सगळे आधी उरकावे. छोट्या ओव्हनची कळ १८० वर असली तरी आत तेवढेच असेल याची खात्री नसते. आत ठेवायचा स्वस्तातला तापमापक त्याचा निवाडा करतो. काट्यानंतरची खरेदी हीच असावी.

परदेशी कृतीतले ‘खोलीच्या तापमानाचे लोणी’ इथे जसेच्या तसे घेऊ नये. साखरेबरोबर फेटताना लोण्यात हवा कोंडली जावी यासाठी ते १८ ते २१ अंशांच्या आसपास, बोट दाबले की खळगा पडेल पण चकाकी येणार नाही असे हवे. नागपुरात मे महिन्यात ओट्यावर ठेवलेले लोणी पातळ होते आणि मग त्यात हवा राहत नाही. उन्हाळ्यात ते फ्रीजबाहेर दहा मिनिटे ठेवले तरी पुरते. अंडी मात्र आधी काढून ठेवावीत, गार अंड्यांनी मिश्रण फुटते. बाजारातले खारे बटर वापरले तर वरून मीठ घालू नये.

भाजताना पहिली वीस-पंचवीस मिनिटे दार उघडू नये. अंड्यातली प्रथिने आणि मैद्यातला स्टार्च तोवर आवळून आलेला नसतो, आणि आच उतरली की केक मध्येच बसतो. पुढे विणायची सुई मधोमध खुपसून पाहावी, ओले मिश्रण न चिकटता निघाली की केक झाला. टिनात दहा मिनिटे ठेवून तो जाळीवर काढावा, म्हणजे खालची वाफ अडकून तळ ओला होत नाही. क्रीम लावायचे असेल तर केक पूर्ण गार व्हायला हवा, कोमट केकवर ते वितळून घसरते. फिरते टेबल आणि नोझल घ्यायचे ते इथून पुढे, साधा केक सलग चांगला जमू लागल्यावर.