आधी लोडचा हिशेब, मग साउंडची सुपारी

पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे. साडेसात मेगावॅटचे तीन संच. सर्वात दणदणीत डीजेला लागणारी वीज या आकड्यापुढे चिमूटभरही भरत नाही. तरीही मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात जयंतीच्या किंवा गणपतीच्या ऐन रंगात आवाज बसतो, दिवे मिणमिणतात आणि वायरमनचा शोध सुरू होतो. वीज कमी पडते ती केंद्रात नव्हे, तर डीपीपासून मंचापर्यंतच्या शेवटच्या शंभर मीटरमध्ये. हे आवाहन त्या शंभर मीटरसाठी आहे. येलदरी आणि परिसरातली मंडळे, सप्ताह समित्या, कव्वाली-ऑर्केस्ट्राचे आयोजक, साउंडवाले आणि मंडपवाले या सगळ्यांनी ते मनावर घ्यावे.

साउंडची सुपारी ठरते तेव्हा प्रश्न एकच असतो: बेस किती, टॉप किती? ॲम्पिअर किती, हे कोणी विचारत नाही. फलकावर ‘पन्नास हजार वॅट’ लिहिलेले असते. तो आकडा जाहिरातीचा असतो, त्यावरून केबल ठरत नाही. संगीत सतत पूर्ण ताकदीने वाजत नाही. भजन किंवा गायनात ॲम्प्लिफायरच्या क्षमतेचा साधारण आठवा हिस्साच सरासरीने वापरला जातो. रिमिक्सच्या अखंड ठोक्यात तो तिसऱ्या हिश्शापर्यंत चढतो. म्हणजे खऱ्या वीस हजार वॅटच्या संचाला कीर्तनात चारेक किलोवॅट पुरतील, पण डीजेच्या रात्री नऊ-दहा लागतील. 230 व्होल्टच्या एका फेजवर एक किलोवॅट म्हणजे साडेचार ॲम्पिअरच्या आसपास. दहा किलोवॅट म्हणजे चव्वेचाळीस. कोणाच्या तरी घरातल्या प्लगमधून काढलेली पिवळी वायर एवढा भार पेलेल, असे मानणारा आयोजक धाडसी म्हणावा लागेल.

गंमत अशी की लोड खाण्यात साउंडपेक्षा दिवे पुढे असतात. हजार वॅटचे जुने पार दिवे बारा लावले की बारा किलोवॅट तिथेच गेले. तेवढेच एलईडी पार दोन किलोवॅटमध्ये भागतात. साउंडवाल्याशी दोन बेससाठी तासभर घासाघीस करणाऱ्या मंडळाने दहा मिनिटे दिव्यांच्या यादीवर घालवली, तर जनरेटर एका मापाने लहान घेता येईल.

त्या जनरेटरचेही गणित सोपे आहे. साउंड दहा किलोवॅट, दिवे, पंखे आणि स्क्रीन मिळून सहा, एकूण सोळा. जनरेटरची क्षमता केव्हीएमध्ये मोजतात, म्हणून सोळाला 0.8 ने भागायचे: वीस केव्हीए. बेसच्या ठोक्याला एकदम ओढ बसते, तेव्हा वर तिसरा हिस्सा राखून तीस केव्हीएच्या आसपासचे यंत्र घ्यावे. असे यंत्र पाऊण भारावर ताशी साधारण पाच-सहा लिटर डिझेल पिते, म्हणून टाकी कार्यक्रमाआधीच भरावी. तापलेल्या, चालत्या यंत्रात कॅनमधून डिझेल ओतण्याची हौस कोणी करू नये. यंत्र मंडपात किंवा बंद खोलीत ठेवायचे नाही. त्याचा धूर दिसत नसला तरी जीव घेतो.

महावितरणची जोडणी घ्यायची असेल तर तात्पुरत्या अधिकृत जोडणीचा अर्ज आधीच करावा. गणेश मंडळांना असे आवाहन महावितरण दर वर्षी करते. तारेवर आकडा टाकणे ही विद्युत कायदा 2003 च्या कलम 135 खाली चोरी आहे आणि तिला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा बाजूला ठेवला तरी आकड्याला ना फ्यूज, ना एमसीबी, ना व्होल्टेजची शाश्वती. शेतातल्या डीपीवरून वीज ओढली, तर शेतीपंपांची पाळी संपताच गायकाचा सूर अर्ध्यावर तुटतो.

आता केबल. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमधून पन्नास मीटर दूर सोळा ॲम्पिअर नेले, की वाटेतच बारा-तेरा व्होल्ट गळतात. संध्याकाळी आधीच 200 वर आलेले व्होल्टेज मग 190 च्या खाली जाते, ॲम्प्लिफायर स्वतःला बंद करून घेतो आणि शिव्या साउंडवाल्याला पडतात. सहा चौरस मिलिमीटरची केबल वापरली तर हीच गळती पाच व्होल्टांवर येते. जाड केबलचे भाडे थोडे जास्त पडते, पण जळालेल्या ॲम्प्लिफायरपुढे ते काहीच नाही.

सर्वात महाग पडतो तो सुटलेला न्यूट्रल. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल ढिला होऊन निसटला, की ज्या फेजवर भार कमी त्यावर व्होल्टेज 230 वरून 400 कडे उसळते. मिक्सर, कीबोर्ड, मोबाइलचे चार्जर क्षणात जातात. म्हणून न्यूट्रलचा जॉइंट पिळून टेप गुंडाळलेला नको. तो पेटीत, स्क्रूखाली घट्ट आवळलेला हवा आणि जोडणी परवानाधारक वायरमननेच करावी. मिक्सर आणि मंचावरची वाद्ये एकाच फेजवर, दिवे दुसऱ्या फेजवर ठेवले तर गुणगुण कमी होते. डिजिटल मिक्सरला एक छोटा यूपीएस द्यावा. वीज क्षणभर गेली तरी तो पुन्हा सुरू होईपर्यंत हजार माणसे ताटकळत नाहीत.

गुणगुण घालवण्याचा एक जुना उपाय मात्र कायमचा बंद व्हायला हवा: प्लगची जाड पीन, म्हणजे अर्थिंगची पीन, मोडून टाकणे. 3 मे 1972 रोजी ब्रिटनमधल्या स्वान्सी शहरात ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वे मंचावर अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मरण पावला. तो 27 वर्षांचा होता. आपल्याकडे गणपती भर पावसात येतात. ओल्या जमिनीवर अनवाणी उभा राहून माइक धरणारा भजनी किंवा कव्वाल या अर्थिंगवरच जिवंत असतो. प्रत्येक मंचाच्या पेटीत 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवावा, त्याचे चाचणीचे बटण कार्यक्रमाआधी दाबून पाहावे आणि जॉइंट जमिनीपासून उचलून ठेवावेत.

आणि मिरवणूक. इथे हिशेब ॲम्पिअरचा नसून फुटांचा आहे. रस्ता ओलांडणारी 11 केव्हीची तार किमान 6.1 मीटर, म्हणजे वीस फुटांवर असावी, असा नियम आहे. घरगुती पुरवठ्याची तार 5.8 मीटरवर. ट्रॉलीचा पाटा चार फूट, त्यावर बारा फुटांची स्पीकरची भिंत: सोळा फूट झाले. त्या भिंतीवर झेंडा घेऊन एक पोरगा चढला की वीस फूट कधीच ओलांडले. शिवाय उच्चदाबाच्या तारेला शिवावेच लागते असे नाही, पुरेशा जवळ गेले तरी वीज उडी घेते. जुलै 2023 मध्ये मेरठजवळ कावडयात्रेतली डीजेची गाडी तारेला लागून पाच जणांहून अधिक बळी गेले. ऑगस्ट 2024 मध्ये बिहारमधल्या हाजीपूरजवळ तसेच घडले आणि किमान आठ जण दगावले. महाराष्ट्रही सुटलेला नाही: एप्रिल 2023 मध्ये विरारला आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत लोखंडी रॉड विजेला लागून दोघे गेले. म्हणून मिरवणुकीचा मार्ग आधी दिवसाउजेडी लाइनमनसोबत पायी पाहावा, गाडीची उंची चौदा फुटांच्या आत ठेवावी आणि स्पीकरच्या भिंतीवर कोणालाही चढू देऊ नये. यात सूट नाही, अध्यक्षांच्या पुतण्यालाही नाही.

आवाजाच्या वेळेचा नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे: ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. दहाला बंद करायचे तर पावणेदहाला तयारी हवी. आधी ॲम्प्लिफायर बंद, मग जनरेटर. उलट केले की स्पीकरचे पडदे जातात.

तेव्हा मंडळांनी पुढच्या बैठकीतच एक कागद करावा. त्यावर साउंडचा आणि दिव्यांचा खरा लोड, जनरेटरचे केव्हीए, केबलची जाडी आणि लांबी, मार्गावरच्या तारांची उंची आणि एका जबाबदार वायरमनचे नाव असावे. हा कागद पुरा झाल्याशिवाय साउंडवाल्याला विसार देऊ नये, आणि साउंडवाल्यांनीही तो पाहिल्याशिवाय घेऊ नये. कार्यक्रमात कोणाला शॉक बसलाच, तर त्याला हात न लावता आधी मुख्य स्विच पाडावा. तुटलेली तार किंवा 11 केव्हीचा अपघात असेल तर काठी घेऊनही जवळ जाऊ नये. लोकांना दूर हटवून महावितरणच्या 1912 या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.