सातबारा देण्याआधी सांभाळ लिहून घ्या

शिवारफेरीला गेलो की खता-बियाण्याच्या आधी वाटणीच्याच गोष्टी निघतात. जमीन पोरांच्या नावावर झाली. आता आई धाकट्याकडं, बाप थोरल्याकडं. अहो, बैलजोडीसुद्धा कुणी अशी फोडत नाही!

शेतकरी बंधूंनो, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ ध्यानात ठेवा. सांभाळाच्या अटीवर दिलेली जमीन, सांभाळ झाला नाही तर, न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. अर्ज प्रांत कार्यालयात करायचा. मात्र ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहा: दोघांची एकत्र खोली, जेवणखाण, औषधपाणी. गावच्या अधिकाऱ्यांनीही हे ग्रामसभेत वाचून दाखवावं.

यात पोरांवर अविश्वास नाही. बांध स्पष्ट असला की भांडण टळतं, एवढंच.