खर्च कोणाचा, संमती कोणाची?

वसाहतींचे रक्षण कोणाच्या खर्चाने करावे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात इंग्रज मुत्सद्द्यांस सारखा छळीत होता. स्वराज्य भोगणाऱ्या वसाहतींनी अंतर्गत संरक्षणाचा मुख्य भार स्वतःच उचलावा, असा ठराव कॉमन्स सभेने १८६२ साली केला. १८७० साली ऑस्ट्रेलियातील इंग्रज पलटणी परत गेल्या. पुढे तेथील तोफांचा व किल्ल्यांचा खर्च तेथीलच कायदेमंडळांनी मंजूर केला. हिंदुस्थानची गोष्ट निराळी! १८६७ साली मुंबईहून अबिसिनियावर स्वारी निघाली. तीत गेलेल्या हिंदी फौजेचा नेहमीचा पगार आमच्याच तिजोरीवर पडला, रयतेची संमती मात्र कोणी विचारली नाही. ज्याची थैली त्याचा शब्द, हा पेढीवरचा साधा न्याय होय. साम्राज्याच्या जमाखर्चात तो गोऱ्या वसाहतींपुरताच राहिला, यासच आम्ही अन्याय म्हणतो.