उघडलं म्हणून बिघडलं?

"तुम्ही उघडलंत ना? मग आता आमच्या हातात काही नाही."

हे वाक्य तुम्हीही कधी ना कधी ऐकलं असेल. मोबाइलवाल्याकडं, मिक्सरवाल्याकडं, इन्व्हर्टरवाल्याकडं. पण सगळ्यात जास्त ऐकू येतं ते प्रिंटरच्या बाबतीत. साफसफाईसाठी लेझर प्रिंटर खोलला, परत जोडला आणि तो नीट छापेना, की समोरचा माणूस मान हलवतो आणि निकाल देऊन मोकळा होतो. या निकालाविरुद्ध मला आज चार शब्द लिहायचे आहेत. चाराचे चाळीस होतील, मास्तरांची सवय आहे, सांभाळून घ्या.

माझं म्हणणं आधीच सांगतो. "उघडलं म्हणून बिघडलं" याला निदान म्हणत नाहीत. ती शिक्षा झाली. पोरानं गणित चुकवलं तर कुठली पायरी चुकली ते मास्तरानं दाखवायचं असतं. "तू वही उघडलीसच कशाला?" असं विचारणाऱ्या मास्तराला तुम्ही काय म्हणाल?

हे सुचायला निमित्त झालं माझ्या भाच्याचं. त्याचं लातूरला झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरायचं छोटं दुकान आहे. लातूर म्हणजे परीक्षा आणि प्रवेशांचं गाव. अर्जांचा हंगाम आला की दुकानासमोर पोरांची आणि त्यांच्या आईबापांची रांग लागते. कुणाला प्रवेशपत्र हवं, कुणाला उत्पन्नाचा दाखला, कुणाला सातबारा. हंगामाच्या आधी प्रिंटर साफ करावा म्हणून यानं तो खोलला. आमच्याकडची काळ्या मातीची धूळ तुम्हाला माहीत आहेच, ती कपाटातल्या बंद डब्यातही शिरते. साफ करून जोडला तर प्रत्येक पान काळंकुट्ट! सेवा केंद्रात नेला. तिथं झाकण उघडायच्या आधीच प्रश्न, "कुणी खोलला होता का?" यानं खरं सांगितलं. लगेच उत्तर, "बोर्ड गेलंय. नवीन घ्या, परवडेल."

त्यानं मला नांदेडला फोन केला. "मामा, मी काहीच तोडलं नाही हो." मी बी.ए. झालो ते मराठी घेऊन, प्रिंटरमधलं मला काय कळणार? मी एवढंच म्हणालो, "काय काय काढलंस ते उलट्या क्रमानं सांग. जिथं तुझा हात लागला तिथंच बघ."

आता विचार करा मंडळी. यंत्र सकाळी चालत होतं. दुपारी खोललं. संध्याकाळी चालेना. याच्याइतका सोपा बिघाड दुसरा कुठला असेल? जो भाग हलवला तिथं किंवा त्याच्या शेजारीच दोष असणार. आपोआप बंद पडलेल्या यंत्रात दोष कुठंही असू शकतो, इथं तर शोधायची जागा आयती आखून मिळाली आहे. आणि नेमक्या याच यंत्राला लोक हात लावायला नकार देतात!

शिवाय लेझर प्रिंटर हे काही गूढ प्रकरण नाही. प्लास्टिकचा कंगवा डोक्यावर घासून कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग आपण सगळ्यांनी शाळेत केला आहे. त्याचीच ही थोरली बहीण. चेस्टर कार्लसन नावाच्या माणसानं २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधल्या अस्टोरिया भागात भाड्याच्या खोलीत पहिली झेरॉक्स काढली. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर, तो कापडानं घासून प्रभारित केलेला, त्यावर दिव्याचा उजेड आणि वरून भुरभुरलेली बारीक पूड, एवढंच सामान. पुढं गॅरी स्टार्कवेदर या झेरॉक्स कंपनीच्या इंजिनिअरनं दिव्याच्या जागी लेझरचा किरण आणला आणि १९७१ च्या सुमारास लेझर प्रिंटर तयार झाला.

आजच्या प्रिंटरमध्येही पायऱ्या त्याच. एक रबरी रोलर ड्रमला प्रभार देतो. अक्षर जिथं हवं तिथं लेझर तो प्रभार घालवतो. तिथं टोनरची पूड चिकटते. कागदाखालचा दुसरा रोलर ती पूड ड्रमवरून कागदावर ओढून घेतो. मग सुमारे दोनशे अंश तापलेल्या फ्युजरमधून कागद जातो आणि पूड वितळून पक्की बसते. उरलीसुरली पूड एक रबरी पट्टी ड्रमवरून पुसून काढते. झालं. आठवीच्या पोराला अर्ध्या तासात समजावता येईल.

आणि या पायऱ्या समजल्या की बिघडलेलं पान स्वतःच बोलायला लागतं.

पूर्ण पान काळं आलं? बहुधा ड्रमला प्रभारच मिळत नाही, म्हणून सगळीकडं पूड चिकटते. प्रभार देणारा रोलर आणि त्याच्या टोकाची धातूची पट्टी बघा.

पान कोरं आलं? लेझरचा उजेड ड्रमवर पडत नसेल, पूड ड्रमपर्यंत येत नसेल किंवा कागदावर उतरत नसेल. यातलं कुठलं, ते ओळखायची युक्ती आहे. पान अर्धं आत असताना झाकण उघडून कार्ट्रिज बाहेर काढा. ड्रमवर अक्षरं दिसली तर पुढं कागदाखालच्या रोलरपाशी घोटाळा, नाही दिसली तर त्याच्या मागं.

छापलेलं बोटानं पुसलं जातंय? फ्युजर तापत नाही किंवा नीट दाबत नाही.

उभी पांढरी रेघ? लेझरच्या वाटेतल्या काचेवर धूळ बसली असेल. उभी काळी रेघ? ड्रमवर ओरखडा असेल किंवा पुसणारी पट्टी खराब झाली असेल.

ठरावीक अंतरावर तोच डाग पुन्हा पुन्हा? पट्टी घ्या आणि अंतर मोजा. पुष्कळ लहान प्रिंटरमध्ये ड्रमचा व्यास २४ मि.मी. असतो. त्याला ३.१४ नं गुणा, ७५ मि.मी. आलं. डाग तेवढ्या अंतरावर येत असेल तर गुन्हेगार ड्रम. दुसरं अंतर असेल तर दुसरा रोलर. परिघाचं सूत्र आयुष्यात कुठं उपयोगी पडतं, असं विचारणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी याची नोंद घ्यावी.

कागद अडकलेला नसताना अडकल्याचा दिवा लागतो? कागद आला-गेला ओळखणारी प्लास्टिकची इवलीशी दांडी उलटी बसली असेल.

भाच्याच्या प्रिंटरमध्ये पहिलाच प्रकार निघाला. प्रभार देणाऱ्या रोलरच्या टोकाची पट्टी जोडताना जराशी वाकली होती आणि टेकत नव्हती. त्यानं ती सरळ केली. बोर्ड जागच्या जागी ठणठणीत होता.

समोरच्या बाजूचंही ऐकलं पाहिजे. दुरुस्तीवाले म्हणतात, लोक स्क्रू हरवतात, स्प्रिंगा उडवतात आणि मग खापर आमच्यावर फोडतात. खरं आहे. धोकेही खरे आहेत. ड्रम उन्हात ठेवला की वाया जातो. फ्युजर हात भाजवतो. लेझरचा किरण बहुधा डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून झाकणाची कळ दाबून धरून यंत्र चालवायचं नाही. सांडलेली पूड गरम पाण्यानं पुसली तर चिकटून बसते, आणि घरच्या व्हॅक्यूम क्लीनरनं ओढली तर गाळणीतून निसटून खोलीभर पसरते. हे सगळं मान्य. पण यातली एक तरी गोष्ट अशी आहे का, जी पानभर मराठीत छापून खोक्यात टाकता येणार नाही? "उघडू नका" एवढंच छापता, मग "उघडायचं झालं तर असं उघडा" छापायला काय हरकत आहे?

केंद्रातल्या त्या पोरावर माझा राग नाही. त्याला अख्खा भाग बदलण्यापलीकडं काही शिकवलेलंच नसावं. राग आहे तो माहिती कुलपात ठेवणाऱ्यांवर. हे दुखणं जुनं आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एम.आय.टी.च्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाच्या प्रोग्रामरला नव्या लेझर प्रिंटरचा प्रोग्राम बघायला मिळाला नाही. कागद अडकला की सगळ्यांना निरोप जावा, एवढीच सोय त्याला करायची होती. त्या नकाराची चीड त्याच्या मनात राहिली आणि १९८३ मध्ये त्यानं मुक्त सॉफ्टवेअरचं काम जाहीर केलं. २०१७ मध्ये लेक्समार्क कंपनीच्या टोनर कार्ट्रिजच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. म्हणजे रिकामं कार्ट्रिज परत भरून विकणाऱ्याला पेटंट दाखवून अडवता येत नाही.

आपल्याकडंही अगदीच अंधार नाही. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला, कारण त्या सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकला मिळू देत नव्हत्या. (पुढं प्रकरण अपिलात गेलं, ते वेगळं.) २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल सुरू झालं. भर चार क्षेत्रांवर दिला: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं. ज्या यंत्रावर निम्म्या मराठवाड्याचे अर्ज निघतात त्या प्रिंटरचं नाव या चौघांत नाही. ते ई-कचऱ्याच्या नियमांच्या यादीत मात्र आहे, कार्ट्रिजसकट! म्हणजे टाकायचं कसं याचा नियम झाला, टिकवायचं कसं याचं कुणी बोलत नाही.

आता मूळ दुखण्याकडं येतो, कारण दोष एकट्या कंपन्यांचा नाही. आमच्या शाळांत सायक्लोस्टाइल यंत्र होतं. सहामाही-वार्षिक परीक्षा आल्या की शिपाईमामा ते उघडायचे, रॉकेलनं पुसायचे, शाई भरायचे आणि परत जोडायचे. नीट छापलं नाही तर पुन्हा उघडायचे. "तुम्ही उघडलंत ना?" असं त्यांना कुणी विचारलं नाही. मग संगणक आले आणि त्यांच्याबरोबर कुलूप आलं. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये वस्तूची नोंद असते. तुटली तर जाब द्यावा लागतो, नुसती पडून राहिली तर कुणी विचारत नाही. मग शहाणा मुख्याध्यापक काय करणार? प्रिंटरवर कापड टाकणार, खोलीला कुलूप लावणार आणि काही वर्षांनी निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवणार. यंत्र न वापरता मेलं तर दप्तर स्वच्छ, पोरानं हात लावून बिघडलं तर चौकशी. अशा शाळेतून बाहेर पडलेलं लेकरू पुढं कुठल्या यंत्राला हात लावील?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. कंपन्यांनी यंत्र जोडण्या-खोलण्याची पुस्तिका मराठीत द्यावी आणि रोलर, पट्ट्या, स्प्रिंगा सुट्या विकाव्यात. दुरुस्तीवाल्यांनी "कुणी खोललं?" हा प्रश्न जरूर विचारावा, पण दोष शोधायला मदत म्हणून विचारावा. आणि शाळांनी निर्लेखनाला निघालेला एखादा प्रिंटर, नियमानं जे काय करावं लागेल ते करून, वीज काढून, टोनर बाजूला ठेवून, आठवी-नववीच्या पोरांपुढं ठेवावा. हातात स्क्रूड्रायव्हर द्यावा. एकच अट घालावी: जे काढाल ते काढलेल्या क्रमानं वर्तमानपत्रावर मांडा आणि प्रत्येक वस्तूपुढं तिचं काम लिहा.

पाच-सहा स्क्रू उरतील. उरू देत. कुठले उरले ते शोधायला पोरांना दुसऱ्या दिवशी परत बसवावं.

असो. पुणे-मुंबईच्या आणि परदेशातल्या आमच्या नातेवाईक मंडळींनी आपापल्या घरची "उघडलं म्हणून" अडगळीत पडलेली यंत्रं एकदा आठवून बघावीत. त्यातलं एखादं परत चालू झालं तर मला जरूर कळवा.