घाण्याचा बैल आणि आपण



“नोकरी सोडू नकोस रे बाबा, क्वीउत मिळाले आहे!” हे वाक्य आपल्या घराघरांतून ऐकू येते. वरिष्ठ चारचौघांत पाणउतारा करतो, पाळी आदल्या रात्री बदलते, जादा तासांचा हिशेब कधी लागत नाही. तरी वडीलधारे सांगतात, “सहन कर.” या उपदेशाशी आमचे भांडण आहे.

हा उपदेश मुंबईहून आपल्या सामानाबरोबर आला. रेल्वे, पोस्ट, कस्टम्स येथे आपले वाडवडील चिकटले ते पेन्शनीपर्यंत. तेथे ते शहाणपण होते. येथील कायदा निराळा आहे; पण तो वाचतो कोण?

आम्हीही एका कारखान्यात अकरा वर्षे अशीच काढली. संध्याकाळी घरी आलो की मुले गुपचूप आतल्या खोलीत जात. मुकादमावरचा राग आम्ही घरी आणून ओततो, हे पत्नीने सुनावले तेव्हा कळले. सहनशीलता आमची, शिक्षा मात्र मुलांना! याला सद्गुण म्हणावे काय?

“पण पिट्सुईम बुडतील ना!” असे कोणी म्हणेल. 1963 च्या कायद्याप्रमाणे कामावरून काढल्यास दर वर्षामागे एक महिन्याचा पगार मिळतो, राजीनामा दिल्यास सहसा नाही, हे खरे. परंतु त्याच कायद्याचे अकरावे कलम म्हणते की, कामाची परिस्थिती ठळकपणे बिघडली म्हणून दिलेला राजीनामा बडतर्फीसारखाच मानावा. शिवाय जेथे चौदाव्या कलमाची व्यवस्था आहे, तेथे मालकाने भरलेली रक्कम राजीनाम्यानंतरही सहसा कामगाराचीच राहते.

मात्र रागाच्या भरात एप्रन फेकून बाहेर पडणाऱ्या तरुणांचीही आम्ही पाठ थोपटणार नाही. आधी मालकाला कळवून दोष सुधारण्याची संधी द्यावी लागते. तसे न केल्यास अकराव्या कलमाचा आधार डळमळतो. सबळ कारणाशिवाय नोकरी सोडली, तर बितुआह लेउमीचा बेकारी भत्ता पहिले 90 दिवस मिळत नाही. म्हणून तारीखवार नोंद ठेवा, लेखी तक्रार करा, पगारपत्रके जपा आणि जाणकार वकिलाला किंवा कामगार संघटनेला विचारा. तक्रारीनंतर काही सुधारले, तर अवश्य थांबा. उलट तक्रार करणाऱ्यालाच छळू लागले, तर तेथे आणखी वर्षे घालवून काय सुधारणार?

कोकणात आपल्या पूर्वजांना शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. त्या दिवशी बैलाच्या मानेवरूनही जू उतरे. त्यांच्याच वंशजांनी आयुष्यभर मान खाली घालून फिरत राहावे?

मुलगा किंवा मुलगी उद्या कामावरून रडवेली घरी आली, तर “सहन कर” म्हणू नका. जवळ बसवा आणि विचारा, “लेखी तक्रार दिलीस का?”