काचेच्या भिंतीचा हिशेब

गिरणगावात गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टोलेजंग कचेऱ्या नखशिखान्त काचेने का मढविलेल्या असतात, या प्रश्नाला 'आधुनिकता' असे ठराविक उत्तर मिळते. खरे उत्तर जमाखर्चाच्या वहीत आहे.

इमारतीचा भार पोलादी वा काँक्रीटच्या सांगाड्याने पेलला की बाहेरच्या भिंतीला भार वाहण्याचे काम उरत नाही. ती पडद्यासारखी टांगता येते. न्यूयॉर्कमधील १९५२ सालचे लीव्हर हाउस हा या पद्धतीचा एक गाजलेला आरंभीचा नमुना. पुढे १९५९ साली पिल्किंग्टन या ब्रिटिश कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट करण्याची कृती जाहीर केली आणि मोठी, नितळ काच स्वस्त होत गेली. हा पडदा विटांच्या भिंतीपेक्षा हलका व पातळ. तावदाने कारखान्यातून तयार येतात. काम झपाट्याने उरकते, व्याज वाचते, भाडे लवकर सुरू होते.

हा झाला बांधणाऱ्याचा लाभ. खर्च मात्र दुसऱ्याच्या खाती पडतो. काचेतून ऊन आत शिरते, तापलेल्या वस्तूंची उष्णता सहजी बाहेर पडत नाही, आणि खिडक्या तर बहुधा उघडतच नाहीत. दुपदरी, लेप दिलेल्या काचेने हा ताप कमी होतो, संपत नाही. वातानुकूलनाचे वीजबिल भाडेकरू भरतो. यंत्रांनी बाहेर फेकलेली उष्णता रस्त्यावरचा फेरीवाला आणि शेजारच्या चाळीतला रहिवासी सोसतो. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ साली आली, तीही आरंभी ऐच्छिक!

गंमत अशी की गिरण्यांनाही काच होतीच. करवतीच्या दात्यांसारख्या त्यांच्या छपरांतील तावदाने उत्तरेकडे तोंड करून बसविलेली असत. उजेड आत येई, थेट ऊन बव्हंशी टळे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा महापालिका व 'म्हाडा' यांना देऊ केला होता; २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली. छप्परही गेले आणि त्याबरोबर ते शहाणपणही.

काचेवर सरसकट बंदीची मागणी अर्थातच भाबडी ठरेल. परंतु पश्चिमेच्या उन्हात उघडी काच लावणाऱ्याने त्या विजेचा भार स्वतः उचलावा, ही मागणी महापालिकेच्या सभागृहात प्रत्येक नव्या आराखड्याच्या वेळी मांडता येण्याजोगी आहे.