सत्तेच्या मर्जीवरची श्रीमंती

जून २०२५ मध्ये मॉस्को प्रांतातील न्यायालयाने दोमोदेदोवो हा मोठा खासगी विमानतळ सरकारच्या ताब्यात देण्याचा निकाल दिला. त्यापूर्वी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, मोटारविक्रीतील 'रोल्फ' या कंपनीची मालकी अशाच निकालाने सरकारकडे गेली. युक्रेन युद्धानंतर रशियात खासगी उद्योग सरकारजमा होण्याचे प्रकार वाढले आहेत. वरवर पाहता हा युद्धकाळातील अर्थकारणाचा भाग वाटतो. मात्र, रशियातील धनिक वर्गाचा क्रांतिपूर्व इतिहास पाहिला, तर या दुखण्याची मुळे किती जुनी आहेत, हे ध्यानात येते.

मोरोझोव्ह, रियाबुशिन्स्की, त्रेत्याकोव्ह, श्चुकिन, बाखरुशिन ही मॉस्कोची नामांकित व्यापारी घराणी. मोरोझोव्ह घराण्याचा मूळ पुरुष साव्वा वासिल्येविच हा जमीनदाराचा भूदास होता. १७९७ मध्ये त्याने रेशीम विणण्याचा छोटा कारखाना काढला आणि १८२० मध्ये १७ हजार रुबल मोजून कुटुंबाचे स्वातंत्र्य विकत घेतले. पुढे त्याच्या वंशजांच्या कापड गिरण्या साम्राज्यातील अग्रगण्य गिरण्यांत गणल्या गेल्या. मोरोझोव्ह आणि रियाबुशिन्स्की ही घराणी सतराव्या शतकातील धर्मसुधारणा नाकारणाऱ्या जुन्या पंथाची होती. या पंथाला अधिकृत चर्च आणि झारशाहीचा जाच दीर्घकाळ सोसावा लागला. राजाश्रय नसल्याने परस्परविश्वास, काटकसर आणि पंथीयांकडून मिळणारे भांडवल हाच त्यांचा आधार ठरला.

या श्रीमंतीला काळी बाजूही होती. तिमोफेई मोरोझोव्ह यांच्या गिरणीत दंडाच्या नावाखाली कामगारांच्या वेतनाला मोठी कात्री लागत असे. त्याविरोधात जानेवारी १८८५ मध्ये हजारो कामगारांनी संप केला. सरकारने लष्कर पाठवून तो मोडून काढला. पण दंडवसुलीवर निर्बंध घालणारा कायदा १८८६ मध्ये त्याला करावा लागला.

पुढच्या पिढीने संपत्तीचा ओघ कलेकडे वळविला. पावेल त्रेत्याकोव्ह यांनी १८९२ मध्ये आपला चित्रसंग्रह मॉस्को शहराला अर्पण केला. सर्गेई श्चुकिन आणि इव्हान मोरोझोव्ह यांनी मातिस, पिकासो, सेझान यांची चित्रे विकत घेतली, तीही खुद्द पॅरिसमध्ये त्यांची टिंगल होत असताना. तिमोफेई यांचे चिरंजीव साव्वा यांनी मॉस्को आर्ट थिएटरला भक्कम आर्थिक पाठबळ दिले. एवढेच नव्हे, तर बोल्शेविकांनाही पैसा पुरविला. १९०५ मध्ये फ्रान्समधील कान येथे गोळी लागलेल्या अवस्थेत त्यांचा मृतदेह आढळला.

गिरणीमालकाने क्रांतिकारकांना मदत का करावी? याचे एक उत्तर तत्कालीन राज्यव्यवस्थेत सापडते. या वर्गाकडे पैसा होता, प्रतिष्ठा होती. पण राज्यकारभारात स्थान नव्हते. पावेल रियाबुशिन्स्की यांनी वृत्तपत्र आणि राजकीय पक्ष काढून ते मिळविण्याचा प्रयत्न केला. प्रत्यक्षात उद्योजकांच्या हाती सत्तेचा वाटा आला तो झारच्या पदत्यागानंतर, १९१७ मध्ये. कापड उद्योगातील कोनोवालोव्ह आणि साखर उद्योगातील तेरेश्चेन्को हंगामी सरकारात मंत्री झाले. हे सरकार अवघे आठ महिने टिकले.

त्यानंतर सारे काही हुकुमांनी घडले. १९१८ च्या अखेरीस श्चुकिन आणि मोरोझोव्ह यांचे संग्रह सरकारजमा झाले. मोरोझोव्ह यांना काही काळ स्वतःच्याच संग्रहाचे सहायक संग्रहपाल म्हणून काम करावे लागले. ते १९२१ मध्ये, तर श्चुकिन १९३६ मध्ये परदेशातच निधन पावले. १९४८ मध्ये स्टॅलिनच्या राजवटीने या चित्रांचे एकत्रित संग्रहालयही बंद केले आणि चित्रे मॉस्को व लेनिनग्राडमध्ये वाटून टाकली.

आजच्या रशियन धनाढ्यांची जडणघडण मात्र वेगळी आहे. क्रांतिपूर्व घराण्यांनी कारखाने पिढ्यान्‌पिढ्या उभे केले. १९९५ च्या वादग्रस्त लिलावांत सरकारी तेल आणि खाण कंपन्या मोजक्या बँकमालकांच्या पदरात पडल्या. जे सत्तेने दिले, ते सत्ता परतही घेऊ शकते, हे २००३ मध्ये मिखाइल खोदोरकोव्स्की यांच्या अटकेने आणि पुढे 'युकोस' कंपनीच्या वाताहतीने दाखवून दिले. आता तर परदेशही सुरक्षित उरलेला नाही. पॅरिसमध्ये भरलेले मोरोझोव्ह संग्रहाचे प्रदर्शन एप्रिल २०२२ मध्ये संपले, तेव्हा निर्बंध लादलेल्या एका रशियन धनाढ्याच्या मालकीचे चित्र फ्रान्सने रोखून धरले.

सचोटीने कमावलेली आणि मर्जीने मिळालेली, अशा दोन्ही प्रकारच्या संपत्तीची रशियात सारखीच गत झाली, ही बाब महत्त्वाची आहे. दोष केवळ धनिकांच्या चारित्र्यात नाही. मालमत्तेचे रक्षण करणारे स्वतंत्र न्यायालय आणि सत्तेला जाब विचारणारी संसद झारच्या काळात रुजली नाही, सोव्हिएत काळात तिला वाव नव्हता आणि आजही ती दिसत नाही. दोमोदेदोवोच्या मालकांनाही अखेर याच उणिवेची किंमत मोजावी लागली आहे.